एडिसन मास्तरांचा गेलेला आवाज

आमच्या पायसांदू गावात (जिल्ह्याचं नावही तेच) एखाद्याच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला, तर गावाने सुतक पाळावं असं त्यात काही नसतं. इथे लोकांची गुरं जातात, नोकऱ्या जातात, पोरं परदेशी जातात, आणि तरी संध्याकाळी सगळे नदीकाठी हिंडताना दिसतात. पण आवाज गेला तो एडिसन बेंतांकुर मास्तरांचा. ज्या माणसाने सगळं आयुष्य भूगोल शिकवला, ज्याने 'नकाशा!' म्हणून हाक मारली की शेजारच्या वर्गातली पोरंही नकाशे उघडायची, त्या माणसाच्या टेबलावरचं यंत्र मुकं व्हावं, हे त्यांना सहन होईना.

त्यातून मास्तरांनी त्या यंत्राबद्दल आधीच फार बोलून ठेवलं होतं, आणि खरी गोची ती होती. नदीकाठच्या क्लबात दरवर्षी एक मेळा भरतो. लोक आपापले जुने कॉम्प्युटर काखोटीला मारून आणतात आणि दाढीवाली उत्साही मंडळी त्यांत विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली फुकट बसवून देतात. मास्तर एका वर्षी सहज डोकावायला म्हणून गेले आणि दीक्षा घेऊनच परतले. तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येकाला ते लिनक्सची थोरवी ऐकवत. विशेषतः मेहुण्याला. मेहुणा वॉल्तेर विजेच्या सामानाच्या दुकानात बसायचा आणि त्याच्या कॉम्प्युटरवर चोरून आणलेलं विंडोज होतं. "चोरीच्या मालाला विषाणू लागणारच," असं मास्तर त्याला जेवायच्या टेबलावर सांगत, आणि वॉल्तेर मांसाचा पुढचा तुकडा उचलत म्हणायचा, "बघू हं दाजी."

'बघू'ची वेळ आली ती कॉम्प्युटरचा नवा पडदा घरी आला त्या दिवशी. मास्तरांची मुलगी सिल्वाना स्वीडनमध्ये माल्मोला असते, नवरा तिथलाच. त्यांची मुलगी तूवा अजून शाळेतही जात नाही. दर रविवारी जेवणाआधी कॉम्प्युटरवर आजोबा-नातीची भेट व्हायची. नात नीट दिसावी म्हणून मास्तरांच्या बायकोने, ग्लादिसने, हट्टाने मोठा पडदा आणवला. मास्तरांनी तो जोडला, त्याच दिवशी शुभमुहूर्त म्हणून सगळे अपडेटही चढवले, आणि रविवारी पाहतात तर सिल्वानाचे ओठ हलतायत, तूवाचे ओठ हलतायत, आवाजाचा पत्ता नाही. त्यांनाही मास्तर ऐकू येईनात.

त्या रविवारी काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण मास्तरांनी त्याकडे नीट पाहिलंच नाही. ऐकू येत नाही म्हटल्यावर मास्तरांनी कानाला हात लावला, मान हलवली, छाती पिटून रडल्याचं सोंग केलं. तूवा खिदळली. तिने गाल फुगवले. मास्तरांनीही फुगवले. मग तिने डोक्यावर पातेलं घातलं, म्हणून मास्तरांनी ग्लादिसची चर्चला जायची टोपी घातली आणि खोलीभर शहामृगासारखी मान काढून चालले. तूवा हसता हसता खुर्चीवरून खाली घसरली आणि दिसेनाशी झाली. एरवी ती दोन मिनिटांत कंटाळून पळायची. कारण तिला स्पॅनिश येत नव्हतं, आजोबांना स्वीडिश येत नव्हतं, आणि मध्ये बिचारी सिल्वाना दुभाष्याचं काम करून थकायची.

"काय मजा आली रे म्हाताऱ्या!" ग्लादिस डोळे पुसत म्हणाली.

"मजा?" मास्तर टोपी काढत म्हणाले. "नातीपुढे माकडचेष्टा कराव्या लागल्या मला. हा आवाज मी आणतोच बघ."

"माझ्या फोनवरून बोल की. चित्र इथे बघ, आवाज तिथे ऐक."

"म्हणजे लिनक्सला फोनची कुबडी लागते असं तुझा भाऊ गावभर सांगत फिरेल. अजिबात नाही."

ग्लादिसने फोन खिशात टाकला. नवऱ्याच्या अब्रूची लांबी-रुंदी तिला चांगली ठाऊक होती.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले यायला लागले. सल्ला ही आमच्याकडे मागावी लागणारी वस्तूच नाही. तुम्ही दारात चिंताक्रांत चेहऱ्याने उभे राहा, पुरे. पहिल्या आल्या समोरच्या चेलाबाई. त्यांचे दिवंगत यजमान औषधांचं दुकान चालवत, त्यामुळे सगळ्या बिघाडांकडे त्या आजार म्हणूनच पाहतात. त्यांनी विचारलं, "गार वाऱ्यात ठेवला होता का? खिडकी उघडी असते तुमची." मास्तर म्हणाले, कॉम्प्युटरला सर्दी होत नाही. "तुम्हाला काय माहीत? आवाज कधी गेला, अंघोळीनंतर का?" मग त्यांनी कॉम्प्युटरच्या पाठीवर दोन धपाटे घालायचा उपाय सुचवला, आणि मास्तर नको नको म्हणेपर्यंत घातलेही.

मग आला ओमार. कार्निव्हलच्या पथकाचे भोंगे, तारा, माईक सगळं तोच सांभाळतो. त्याचं तत्त्व एकच, आवाज नाही म्हणजे तार तुटली. त्याने दोन्ही स्पीकर उघडून टेबलावर पसरले, प्रत्येक तार जिभेला लावून पाहिली, पुन्हा जोडले, वर स्वतःच्या गोदामातलं एक ॲम्प्लिफायर आणून मध्ये घातलं आणि त्याची खुंटी शेवटापर्यंत पिळली. "आता मेलेला पण बोलेल, मास्तर." कोणी बोललं नाही. ओमार जाताना ॲम्प्लिफायर तिथेच ठेवून गेला, चुकून आवाज आलाच तर असावं म्हणून.

वॉल्तेर आला, पण मदतीला नाही. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. काखेत थर्मास, हातात येर्बाचा भोपळा. "फुकटच्या गोष्टीला तोंड कुठून असणार, दाजी?" एवढंच म्हणाला, आणि नळीने शांतपणे कडू घोट ओढत राहिला.

हा जो काखेतला थर्मास आहे ना, त्याच्याबद्दल बोलणं भाग आहे. आमच्या देशात माणूस घराबाहेर पडला की डाव्या काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात वाळक्या भोपळ्याचा पेला. येर्बाच्या पानांचा काढा प्यायचा, भोपळा पुन्हा भरायचा, पुढच्याला द्यायचा, असा फेरा चालतो. त्यामुळे या देशात दोन हात लागणारं कुठलंच काम वेळेवर पुरं झालेलं नाही. आमचे गवंडी एका हाताने भिंती बांधतात, आणि त्या तशाच दिसतात.

आता मास्तरांनी शेवटी क्लबातल्या फाबियानला बोलावलं. मेळ्यात लिनक्स बसवणारा, दाढीवाला, अत्यंत सज्जन माणूस. तो थर्मास घेऊनच आला आणि पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एका हाताने कमांड लिहायला लागला. भोवती ओमार, वॉल्तेर, चेलाबाई, सगळे येर्बाच्या फेऱ्यात बसलेले. फाबियान म्हणाला, "आवाजाचा प्रोग्राम काढून पुन्हा घालू या, मास्तर. दोन मिनिटांचं काम." त्याने कमांड दिली. कॉम्प्युटरने भलीमोठी यादी दाखवून विचारलं की याच्यासोबत हे सगळंही काढू का, नीट वाचून सांगा. फाबियान वाचायलाच लागला होता, पण नेमकी त्याची पाळी आली. भोपळा हातात आला आणि तो यादी वाचत तसाच धरून बसला. आमच्याकडे हा मोठा अपराध.

"अरे, तो भोपळा आहे, माईक नव्हे!" ओमार ओरडला. "पी आणि पुढे दे!"

"लोक खोळंबलेत बाबा," चेलाबाई म्हणाल्या.

सज्जन माणूस बिचारा. गडबडीने भोपळा तोंडाला लावला आणि मोकळ्या बोटाने 'हो' दाबून टाकलं. यादी सरसर वर गेली. आवाजाचा प्रोग्राम निघाला, त्याच्यामागोमाग खिडक्या निघाल्या, चित्रं निघाली, मेनू निघाला, घरातलं सगळं सामान बाहेर काढावं तसा अख्खा पडदा रिकामा झाला आणि वर कोपऱ्यात एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली.

"हे बरं झालं," वॉल्तेर म्हणाला. "आता आवाज नसल्याचं कळतसुद्धा नाही."

तो शनिवार होता. रविवारी भेट झाली नाही. तिकडे तूवा काकाच्या लग्नातली काळी उंच टोपी घालून, कोळशाने मिशा काढून पडद्यापुढे बसली होती, असं सिल्वानाने नंतर आईला फोनवर सांगितलं. बराच वेळ बसली होती म्हणे. मिशा पुसू देईना. ग्लादिसने हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "बघ," ते म्हणाले, "आवाज नसल्याने पोर किती हाल भोगतेय." ग्लादिसने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती बटाटे सोलायला निघून गेली. मला वाटतं, तिने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. तिलाही तसंच वाटतं.

फाबियानने पश्चात्तापाने तीन खेपा घातल्या, थर्मास घरी ठेवून. चित्रं परत आली, खिडक्या आल्या, आवाज सोडून सगळं आलं. तेच साजरं करायला ओमार आला, आणि त्याच्या काखेतला थर्मास सटकून सगळं गरम पाणी कीबोर्डवर सांडलं. कीबोर्डने शेवटचं एक अक्षर शंभरदा उमटवून प्राण सोडला. वॉल्तेरने उदारपणे आपल्या दुकानातला जुना कीबोर्ड आणून दिला. तो परदेशी बनावटीचा. त्यावर आमचं डोक्यावर लाट असलेलं 'न्य' हे अक्षरच नव्हतं, आणि मास्तरांचा पासवर्ड त्याच अक्षराने सुरू होत होता.

"मास्तर, पासवर्ड सांगा, मी वाट काढतो," फाबियान म्हणाला.

"तो खाजगी आहे."

"दाजी, बँक आहे का ही? सांगा की!"

मास्तरांनी खोलीतल्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. चेलाबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. मग मास्तर छताकडे पाहत अगदी हळू म्हणाले, "न्याता."

न्याता म्हणजे नकटी. आमच्याकडे प्रियकर प्रेयसीला म्हणतात तसं. दारातून ग्लादिसचा आवाज आला, "अरे म्हाताऱ्या! तुला आठवतं होय ते?" ओमारने टाळ्या वाजवल्या. मास्तरांचे कान लाल झाले. फाबियानने पडद्याच्या कोपऱ्यातून कळांची स्पॅनिश मांडणी निवडली, अर्धविरामाच्या जागी ते अक्षर सापडलं आणि कॉम्प्युटरचं दार उघडलं. त्या दिवशी ग्लादिसने सगळ्यांना गोड भाकऱ्या तळून घातल्या.

पण आवाज नव्हताच. सरकारी उपाय उरला होता. म्हाताऱ्यांना कॉम्प्युटरची मदत देणारी एक खिडकी त्या वर्षी नव्याने उघडली होती. मास्तर पहाटे रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कुठली प्रणाली?" मास्तर अभिमानाने म्हणाले, "लिनक्स." बाईंनी सहानुभूतीने पाहिलं, घरात कोणी गेल्याचं ऐकावं तसं. "त्याला वेगळा विभाग आहे. तो ऑनलाइन आहे. घरी जाऊन कॉम्प्युटरवरून कॉल लावा." मास्तरांनी घरी येऊन लावला. पडद्यावर एक हसरं चित्र आलं आणि खाली अक्षरं उमटली, 'माझा आवाज ऐकू येत असल्यास स्पष्टपणे हो म्हणा.' मास्तर स्पष्टपणे काहीतरी दुसरंच म्हणाले.

या सगळ्या काळात रविवार येत होते आणि जात होते. तूवा दर रविवारी काहीतरी नवं घेऊन येई. एकदा डोक्यावर उशी बांधून मेंढी झाली. एकदा तिने चित्र काढलं, त्यात शहामृगाला टोपी होती. मास्तर हसत, उत्तरादाखल काहीतरी करत, पण मन लागत नसे. एक कान सतत त्या मुक्या स्पीकरकडे. मध्येच कागदावर 'दिलगीर आहे, दुरुस्ती चालू आहे' असं लिहून धरत. तूवाला वाटे, हाही खेळच. ती पण कागदावर रेघोट्या ओढून धरी.

आणि मग एके दुपारी, सगळी गल्ली जेवून झोपलेली असताना, मास्तर पडद्याचा उजेड कमी करायला गेले आणि भलत्याच ठिकाणी बोट पडलं. एक छोटी खिडकी उघडली. तिच्यात लिहिलं होतं, आवाज कुठून बाहेर काढू? खाली दोन नावं. एक स्पीकरचं, एक नव्या पडद्याचं. खूण पडद्याच्या नावापुढे होती. या पडद्याला आवाजच नाही हो, असं दुकानदाराने विकताना सांगितलं होतं आणि मास्तरांनी मोठ्या शहाणपणाने मान डोलावली होती. म्हणजे इतके दिवस यंत्र बापडं बोलतच होतं, पण तोंड नसलेल्या माणसाच्या तोंडून. मुलीकडे जाणाऱ्या आवाजाचंही तसंच, त्याची खूणही खालच्याच ओळीत त्या पडद्यापुढेच सापडली.

मास्तरांनी खालची खूण माईकपुढे आणि वरची स्पीकरपुढे केली. झालं असं होतं की ओमारने ॲम्प्लिफायर शेवटापर्यंत पिळलेलं, फाबियानने आतला आवाज शंभरावर नेलेला, आणि कधीतरी तपासायला लावलेलं कार्निव्हलच्या ढोलांचं चित्रण तिथेच थबकलेलं. ते सगळं एकदम सुटलं. चेलाबाई अंगणात पळत आल्या, चार घरं सोडून कुत्री भुंकायला लागली, आणि झोपेतून उठलेली गल्ली झोपायच्या कपड्यांत मास्तरांच्या दारात जमा झाली. मध्ये मास्तर उभे. डोळ्यांत पाणी, हात वर.

"कसं केलंत, दाजी?" वॉल्तेरने विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात आदर होता.

"प्रवाहाची दिशा बदलली," भूगोलाचे मास्तर म्हणाले. अधिक तपशिलात ते शिरले नाहीत.

आता इतक्यांनी हात लावला म्हटल्यावर अंगणात मांस भाजायचा असादो आलाच. रविवारी सकाळपासून अंगणात निखारे पेटले, बरगड्या चढल्या, आणि भेटीच्या वेळी सगळे हातात पाव आणि सॉसेज घेऊन खोलीत घुसले. पडदा उजळला. तूवा डोक्यावर पातेलं घालून, हातात डाव घेऊन तयार होती. ती काही करणार एवढ्यात ओमार, वॉल्तेर, फाबियान, चेलाबाई एका सुरात ओरडले, "तूवाऽऽऽ!" ओमारचं ॲम्प्लिफायर अजून तसंच होतं. तिच्या हातातला डाव पडला. तो पडल्याचा आवाज मात्र अगदी स्वच्छ ऐकू आला.

"शांत!" मास्तर गरजले. खोली शांत झाली. मग त्यांनी घसा साफ केला. इतक्या दिवसांनी आवाज मिळाला होता, समोर श्रोते होते, आणि जन्माची सवय. "तूवा बाळ, मी तुझा आजोबा. आता सांग बघू, आपल्या देशाचे जिल्हे किती? आणि कोणते?"

तूवाने आईकडे पाहिलं. सिल्वानाने काहीतरी कुजबुजून सांगितलं. तूवाने पातेलं काढलं, मांडीवर ठेवलं, आणि एकाएकी पडद्यातून निघून गेली. "लाजली," चेलाबाई म्हणाल्या. "भूक लागली असेल," वॉल्तेर म्हणाला. सिल्वाना म्हणाली, "बाबा, तिला इतकं कळत नाही हो." मांस उत्तम झालं होतं. सगळे म्हणाले, इतकं मऊ बऱ्याच दिवसांत खाल्लं नाही.

रात्रीची भांडी घासताना ग्लादिस म्हणाली, "सिल्वानाचा फोन होता. पोर विचारत होती, आजोबा आता नेहमीच बोलणार का?"

मास्तर ओलं ताट पुसत उभे राहिले. पुसून झालेलं ताट त्यांनी पुन्हा पुसलं. आपण काय घालवून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. आवाज आणायला सगळं गाव लावलं. घालवायला एक बोट पुरे होतं, पण मुद्दाम घालवला असं कसं सांगणार? वॉल्तेरला काय सांगणार? सिल्वानाला तरी?

पुढच्या रविवारी त्यांनी कोणाला बोलावलं नाही. दार लावून घेतलं. ग्लादिसची टोपी घातली. दोन्ही खुणा नेऊन पुन्हा त्या मुक्या पडद्यापुढे ठेवल्या, आणि कॉल लावला. चित्र उमटताच त्यांनी कानाला हात लावला, जोरजोरात मान हलवली, छाती पिटली. गेला, पुन्हा गेला!

पण तूवाच्या डोक्यावर आज काही नव्हतं. इस्त्रीचा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, हात शरीराला चिकटलेले. मागे सिल्वाना उभी होती. मास्तरांचा इशारा पाहून तिचा हात तोंडाशी गेला, ती पुढे वाकली, तूवाच्या खांद्याला हात लावायला गेली. पण तूवाने डोळे मिटून घेतले होते आणि सुरुवात केली होती.

मास्तरांना एक अक्षर ऐकू आलं नाही. पण वर्गात पाठ म्हणणारं पोर त्यांना नाही ओळखू येणार तर कोणाला. तिची बोटं फ्रॉकवर एकेक करून मिटत होती. एक, दोन, तीन. ओठ एकदा घट्ट मिटले, उघडले, आणि शेवटी गोल झाले. पायसांदू. सिल्वाना आठवडाभर बसली असणार तिच्यापाशी. मास्तरांचा हात माउसवर गेला. खूण बदलायला क्षण लागला असता. पण मग सिल्वानाला कळलं असतं, आवाज होता, आणि बापाने तो मुद्दाम बंद केला होता. हात माउसवर तसाच राहिला. ओठ हलत राहिले. अडखळले, वर बघून आठवले, पुन्हा हलले. मग तूवाने डोळे उघडले आणि आजोबांकडे पाहिलं.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. उठून उभं राहून वाजवल्या. तूवाने आईला काहीतरी विचारलं. आईने हळूच मान हलवून नाही म्हटलं. तूवाने थोडा वेळ आजोबांच्या टोपीकडे पाहिलं, मग खुर्चीवरून उतरली आणि गेली.

"काय म्हणाली रे?" स्वयंपाकघरातून ग्लादिसने विचारलं.

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ज्या माणसाने एक जिल्हा विसरला म्हणून मुलांना पुन्हा पुन्हा उभं केलं होतं, तो टोपीची कड बोटांनी सरळ करत राहिला.

"सगळे एकोणीस," ते शेवटी म्हणाले. "एकही चुकली नाही."